निजामाची तक्रार आणि आमची

मी लातूरच्या एका डाळमिलमध्ये कामाला आहे. रात्रपाळी संपवून सकाळी बाहेर पडतो तेव्हा पापण्यांवरसुद्धा तुरीचा भुसा असतो. सतरा सप्टेंबरचा दिवस होता, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मिलसमोरच्या टपरीवर आम्ही चहा पीत होतो. रस्त्यानं शाळेची पोरं झेंडे घेऊन चालली होती. आमचा मुकादम माझ्याकडं बघून म्हणाला, “तू कशाला बघायलास रे झेंड्याकडं? तुमचाच माणूस निजामाकडून युनोत गेला व्हता. तुमी रझाकाराचे भाऊ.” चारजण हसले. मीपण कसनुसा हसलो. कप ठेवला आन् खोलीवर आलो.

नुसती शिवी असती तर शिवीनं फेडली असती. शिव्यांची मला सवय आहे, मिलमध्ये भुशासारख्याच त्या अंगावर पडतात. पण या बोलण्यात एक माणूस होता, एक जागा होती. कोण माणूस, कशाला गेला, मला ठाऊक नव्हतं. आपल्या इतिहासातलं कुणीतरी आपल्या तोंडावर फेकून मारतो आणि आपल्याला ते उचलून बघतासुद्धा येत नाही, ही लाज शिवीपेक्षा मोठी. माझी शाळा नववीत सुटली. पुढं जे शिकलो ते पाळीनंतर, ग्रंथालयात आणि मोबाइलवर, इंग्रजी कोश मांडीवर घेऊन. वर्षभर हेच वाचलं. दोस्तहो, त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो. मुकादमाला द्यायचं उत्तर आहे, पण मुकादम हे मासिक वाचत नाही. म्हणून तुम्ही वाचा.

आधी नकाशा बघा. हैदराबाद संस्थान म्हणजे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचा मुलूख. १९४१ च्या शिरगणतीत माणसं एक कोटी त्रेसष्ट लाख. त्यात मराठी बोलणारे पाच जिल्हे: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. आमचं कंधार नांदेड जिल्ह्यातला तालुका. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. एवढा मोठा मुलूख, पण समुद्र नाही, बंदर नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर या संस्थानाला चारी दिशांना शेजारी एकच उरला, हिंदुस्थान. मीठ त्याच्याकडून, घासलेट त्याच्याकडून, रेल्वे त्याच्या मुलखातून. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी लातूरला यायची तीसुद्धा मुंबई इलाख्यातून. अशा शेजाऱ्याशी भांडण म्हणजे काय, हे गावकुसाबाहेर राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. विहीर त्याची, वाट त्याची, शेत त्याचं. आपण मधी.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यानं फर्मान काढलं: इंग्रज गेले की मी स्वतंत्र सार्वभौम राजा होणार. त्रावणकोरनंही तसंच जाहीर केलं. त्याच जूनमध्ये बाबासाहेबांनी एक निवेदन काढलं. ते अजून मंत्री व्हायचे होते. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. संस्थानांनो, इंग्रज गेला म्हणजे तुम्ही आपोआप सार्वभौम होता, हे कायद्याला धरून नाही. बरं, झालात तरी जगानं मान्य करायला पाहिजे. युनो तुम्हाला ओळख देईल, शेजाऱ्यापासून वाचवील, हे स्वप्न आहे. ज्या राज्यात लोकांना जबाबदार असं सरकार नाही त्याच्या रक्षणाला युनो धावणार नाही.

हे निवेदन वाचून मी खाटेवर उठून बसलो. सव्वा वर्षानं पॅरिसमध्ये जे घडलं ते या माणसानं आधीच सांगून ठेवलं होतं. राजाची सुरक्षा आणि प्रजेची सुरक्षा एकच आहे काय, हा खरा सवाल त्यांनी तेव्हाच विचारला होता. निजामानं तो ऐकला नाही. दिल्लीनं तरी किती ऐकला, ते पुढं बघू.

बोलणी सुरू झाली. निजामाच्या बाजूनं सर वॉल्टर माँक्टन हा इंग्रज वकील, पंतप्रधान छत्रीचे नवाब. दिल्लीकडून माउंटबॅटन, सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन. करार होत आला होता. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस शिष्टमंडळ दिल्लीला निघायच्या रात्री इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावानं माँक्टन आणि छत्रीच्या घरांना वेढा घातला, बाहेर पडू दिलं नाही. या इत्तेहादचा पुढारी कासिम रझवी. तो आमच्या लातूरचा वकील. ज्या लातुरात मी पोती उचलतो त्याच लातुरात तो कोर्टाची पायरी चढायचा. एका तालुक्याच्या गावच्या वकिलानं दोन सरकारांची बोलणी अडवली. छत्री गेले, मीर लायक अली पंतप्रधान झाला.

२९ नोव्हेंबर १९४७ ला अखेर सह्या झाल्या. त्याला ‘जैसे थे करार’ म्हणतात. मुदत एक वर्ष. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण हे विषय इंग्रजांच्या काळी जसे होते तसेच चालवायचे. दोघांनी एकमेकांकडे प्रतिनिधी ठेवायचे. वाद झाला तर लवाद नेमायचा. सिकंदराबादची हिंदी फौज काढून घ्यायची. दिल्लीचे प्रतिनिधी म्हणून जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला आले.

जैसे थे! मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं. राजा जैसे थे, जहागीरदार जैसे थे, पाटील जैसे थे, येसकर जैसे थे. त्या करारात आमच्यासाठी वेगळं कलम लागत नव्हतं. नावातच आमचं कलम होतं.

करारानंतर दोन्ही बाजूंनी तक्रारींचे कागद सुरू झाले. शेजाऱ्याशी कागदावर कसं भांडतात ते यात शिकायला मिळतं. दिल्ली म्हणे: तुम्ही पाकिस्तानला वीस कोटींचे रोखे कर्ज म्हणून दिले, हा परराष्ट्र व्यवहार आहे, करार मोडला. तुम्ही हिंदी नाण्याचा व्यवहार बंद केला, सोनंचांदी बाहेर जायला बंदी घातली. तुमचे रझाकार हद्द ओलांडून आमच्या गावांवर हल्ले करतात. हैदराबाद म्हणे: तुम्हीच आमची नाकेबंदी केली. पेट्रोल, यंत्रांचे भाग, औषधं, पाणी शुद्ध करायचं क्लोरीनसुद्धा अडवलं. तुमच्या हद्दीतल्या कॅम्पांमधून हत्यारी माणसं येऊन आमची नाकी जाळतात. करार तुम्ही मोडला.

दोघांच्या तक्रारीत खरं होतं, हे आधी कबूल करू. हद्दीवर बार्शी, सोलापूरकडं स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, तिथून नाक्यांवर, ठाण्यांवर हल्ले व्हायचे. ३० जानेवारी १९४८ ला, गांधींना गोळी लागली त्याच दिवशी, आमच्या जिल्ह्यातली उमरीची बँक लढ्यासाठी लुटली गेली. आणि इकडं निजाम वरून करार पाळतो म्हणत होता, तेव्हाच सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं भरून हत्यारं उतरवत होता. पण रझाकारांचा जुलूम ही सरकारी कागदातली अतिशयोक्ती नव्हती. कंधार तालुक्यातलं कल्हाळी गाव घ्या. अप्पासाहेब नाईकांच्या गढीवर रझाकार आणि पोलीस चालून गेले, गावची माणसं आत राहून लढली आणि मेली. कंधारमधे कल्हाळीचं नाव आजही आवाज खाली करून घेतात.

आता महारवाड्याचं सांगतो. हे कुठल्या कागदात नाही, माझ्या आज्यानं सांगितलेलं आहे. आमचं गाव कंधारपासून पायी दोन तास, मन्याडच्या अंगाला. आज्याचा बाप येसकर. आज्जा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा, शेरडं राखायचा. तो सांगायचा:

“चावडीवरून हाळी आली की बाप भाकर टाकून उठायचा. दिवसा पटवाऱ्याचा लखोटा घिऊन कंधारला तहसिलीत. राती कव्हा कुणी पडद्याआडून चिठ्ठी द्यायचं, अमक्या गावाला अमक्याला दे म्हणायचं. बाप दोन्ही न्यायचा. नाही म्हणायची सोय कुठं व्हती? एकदा मन्याडच्या उतारावर रझाकारांनी धरला. चिठ्ठी कुणाची, सांग. बापाला वाचताच येत न्हवतं, काय सांगील? लई मारला. पुढं पोलीस ॲक्शन झाली. मग गावच्याच माणसांनी मारला. तू ठाण्याचे कागद न्यायचास म्हणून. दोन्ही टायमाला बापाला ठावं न्हवतं कागदात काय हाय.”

हे ऐकलं तेव्हा मी लहान होतो. आता युनोचे कागद वाचताना सारखा तो मन्याडचा उतार डोळ्यांपुढं येतो. दोन सरकारांची भांडणं कागदावर चालतात. कागद पोचवणाराच्या पाठीवर वळ उठतात.

आमच्यातले काही रझाकारांकडं गेले होते काय? गेले होते. लपवायचं कशाला? ज्याला गावानं कधी चावडीच्या कट्ट्यावर बसू दिलं नाही त्याला कुणी खाकी कपडा, पोटाला अन्न आणि हातात भाला दिला तर काही जण जाणारच. काही भुकेनं गेले, काही भीतीनं, काही पाटलावरच्या जुन्या दाव्यानं. पण बरेचसे माझ्या पणज्यासारखे, कुणीकडंच न गेलेले. आणि रझाकारांनी जाळलेल्या गावांत महारवाडा, मांगवाडा वेगळा राखून ठेवला होता असं कुणी समजू नये. आगीला गावकूस कळत नाही.

आता मुकादमाचा माणूस. त्याचं नाव बी. श्यामसुंदर. जन्म १९०८, औरंगाबादचा. म्हणजे आपल्याच मराठवाड्याचा. शिकलेला, उर्दू-इंग्रजी बोलणारा, सभा गाजवणारा. त्याचं राजकारण असं की अस्पृश्य हा हिंदूंचा भाग नाही, तो या देशाचा मूळचा माणूस आहे. मुसलमान आणि अस्पृश्य एक झाले तर हिंदू वरचढपणा मोडता येईल. त्याच्या जोडीचे बी. एस. वेंकटराव तर लायक अलीच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. निजाम सरकारनं अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी एक कोटीचा निधी मंजूर केला तो याच काळात. निजामाला पुळका आला म्हणून नव्हे. संस्थानात मुसलमान शेकडा बारा-तेरा. जगापुढं ‘हे राज्य फक्त मुसलमानांचं नाही’ असं दाखवायला त्याला आमची डोकी मोजणीत पाहिजे होती.

पण त्याच संस्थानात दुसरी वाटही होती. ३० डिसेंबर १९३८ ला हद्दीवरच्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोऱ्यांनी परिषद घेतली, बाबासाहेब आले. जे. एच. सुबय्यांकडे हैदराबादची शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होती. आणि नोव्हेंबर १९४७ अखेर, जैसे थे करार व्हायच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी जाहीर सांगितलं: हैदराबादच्या अस्पृश्यांनी कोणत्याही परिस्थितीत निजामाची किंवा इत्तेहादची बाजू घेऊ नये. हिंदू आपल्याला छळतात म्हणून देशाच्या शत्रूला जाऊन मिळणं आपल्या समाजाला कमीपणा आणील. हे सांगणारा माणूस हिंदूंचा लाडका नव्हता, हे लक्षात ठेवा. जन्मभर हिंदू धर्माशी भांडत होता. तरी त्यानं रागाला धोरणावर बसू दिलं नाही.

म्हणजे मुकादमानं अर्धंच सांगितलं. आमचा एक माणूस निजामाकडून गेला, आणि आमच्या सगळ्यात मोठ्या माणसानं जाऊ नका म्हणून सांगितलं. मुकादमाला अर्धं ठाऊक होतं. मला तेही ठाऊक नव्हतं.

आता युनो. ऑगस्ट १९४८ मध्ये लायक अलीनं दिल्लीला कळवलं की आम्ही युनोकडं जातो, शिष्टमंडळाला जायची सोय करा. दिल्लीनं उत्तर दिलं: हा आमचा घरचा मामला आहे, युनोचा संबंध नाही. २१ ऑगस्टला हैदराबादच्या परराष्ट्र खात्याची तार सुरक्षा समितीला गेली. आधार काय? युनोच्या सनदेचं कलम ३५, पोटकलम दोन. युनोचा सभासद नसलेलं राज्यसुद्धा आपल्या वादाची तक्रार समितीपुढं आणू शकतं, मात्र तंटा शांततेनं मिटवायचं आधी कबूल करावं लागतं. कलमात शब्द ‘राज्य’ आहे. सगळी मेख तिथं.

गंमत बघा. त्याच वर्षी १ जानेवारीला काश्मीरसाठी हिंदुस्थान स्वतः युनोत गेला होता, तोही कलम ३५ धरूनच. तिथं त्याला वाटलं होतं, आपण फिर्यादी, पाकिस्तान आरोपी, निकाल आठ दिवसांत. झालं भलतंच. फिर्यादीलाच उलटतपासणीला उभं केलं. त्यामुळं ऑगस्टमध्ये दुसरा कागद युनोच्या टेबलावर जाऊ द्यायला दिल्ली तयार नव्हती. बलवान शेजाऱ्याचं हे नेहमीचं असतं. स्वतःची तक्रार असली की ती जगाच्या शांततेचा सवाल. दुसऱ्यानं त्याची तक्रार केली की घरचा मामला. हे मी एका देशाला म्हणत नाही, सगळ्या देशांना म्हणतो, आणि सगळ्या पाटलांना.

७ सप्टेंबरला नेहरूंनी दिल्लीत जाहीर मागणी केली: रझाकार बरखास्त करा, आमची फौज सिकंदराबादेत परत येऊ द्या. निजामानं नाही म्हटलं. ११ सप्टेंबरला कराचीत जीना वारले. १२ आणि १३ तारखेला हैदराबादनं समितीला पुन्हा तारा केल्या: लवकर बसा, हल्ला होतोय. १३ च्या पहाटे जनरल जे. एन. चौधरींची फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेनं आत शिरली. कारवाईचं लष्करी नाव ‘पोलो’. लोकांत नाव पडलं ‘पोलीस ॲक्शन’. रणगाडे, विमानं घेऊन केलेल्या कामाला पोलिसांचं नाव! पण हे नाव म्हणजेच युनोला दिलेलं उत्तर होतं. लढाई दोन राज्यांत होते, पोलीस आपल्याच घरात जातात. एका शब्दानं हैदराबादचं ‘राज्य’पण काढून घेतलं.

१६ सप्टेंबरला सुरक्षा समिती पॅरिसच्या शायो महालात बसली. अध्यक्ष इंग्लंडचे कॅडोगन. हैदराबादचा प्रश्न कामकाजात घ्यायचा का, यावर मत घेतलं. आठ मतं बाजूनं, विरुद्ध एकही नाही, तीन तटस्थ: रशिया, युक्रेन आणि चीन. हैदराबादकडून मोइन नवाज जंग बोलले. त्यांच्या शिष्टमंडळात आपले श्यामसुंदर होते. हिंदुस्थानकडून रामस्वामी मुदलियार उठले. त्यांचा मुद्दा साधा: हैदराबाद हे राज्यच नाही, ते कधीच स्वतंत्र नव्हतं, त्याला इथं येऊन बोलायचा अधिकारच नाही. तक्रारीत काय आहे ते नंतर. आधी तक्रारदार आहे कोण?

दोस्तहो, हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? चावडीवर ऐकलंय. माझा बाप एकदा रस्त्याच्या भांडणाची तक्रार घेऊन गेला तर पहिला सवाल, “तू कोण?” मारलं का, हा सवाल दुसरा. तो विचारायची वेळच आली नाही. म्हणून मुदलियारांचं भाषण वाचताना माझं मन क्षणभर हैदराबादकडं गेलं, हे खोटं कशाला सांगू. पण लगेच दुसरा विचार आला. हैदराबादच्या तक्रारीत नाकेबंदी होती, क्लोरीन होतं, हद्दीवरचे हल्ले होते. कल्हाळी नव्हतं. ज्या राज्यानं आपल्या एक कोटी त्रेसष्ट लाख माणसांना कधी ‘तू कोण’ विचारलं नाही, उत्तर ऐकायचं तर लांबच, ते राज्य जगापुढं जाऊन ‘मी कोण’ ते सांगत होतं. त्याचं कुणी ऐकलं नाही याचं मला दुःख का व्हावं?

समितीनं पुढची तारीख दिली, २० सप्टेंबर. १७ ला निजामानं शरणागती पत्करली. १८ ला त्याचा सेनापती अल इद्रूस यानं चौधरींपुढं हत्यार ठेवलं. २२ ला निजामाची तार युनोला: मी तक्रार मागं घेतो. पॅरिसमधलं शिष्टमंडळ म्हणालं, निजाम आता कैदेतल्यासारखा आहे, त्याच्या तारेला अर्थ नाही. २८ सप्टेंबरला पुन्हा चर्चा, मग मे १९४९ मध्ये पाकिस्तानच्या जफरुल्ला खानांचं भाषण. त्यानंतर काही नाही. निकाल नाही, नकार नाही. हैदराबादचा प्रश्न समितीच्या यादीत नुसता दशकानुदशकं पडून राहिला.

मग कुणाचं काय झालं? निजाम २६ जानेवारी १९५० ला हैदराबादचा राजप्रमुख झाला. वर्षाला पन्नास लाखांचा तनखा. ज्यानं जगाच्या कोर्टात हिंदुस्थानावर फिर्याद केली तो त्याच राज्याच्या गादीवर १९५६ पर्यंत. लायक अली मार्च १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेला. रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात, मग तोही पाकिस्तानात. आणि खेड्यातला मुसलमान? त्याला पळायला विमान नव्हतं. फौज आल्यावर आमच्या भागात त्याच्यावर जे झालं ते बघायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती सरकारनंच पाठवली. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. सगळ्यात वाईट चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमचं नांदेड. हा अहवाल कित्येक दशकं पेटीत राहिला. हैदराबादनं कल्हाळी लपवलं, दिल्लीनं हे लपवलं. सुरक्षेच्या नावानं दोघं बोलत होते. मेलेले दोन्हीकडचे त्या बोलण्याच्या बाहेर राहिले.

आज्जा सांगायचा, त्या आठवड्यात गावातलं एक पिंजाऱ्याचं कुटुंब चार दिवस आमच्या कुडाच्या घरात लपलं होतं. “आमच्याकडं कुणी धुंडाळायला येईना. इटाळ व्हईल की!” असं म्हणून तो हसायचा. विटाळानं त्या चौघांचा जीव वाचला. पाचव्या दिवशी कुणीतरी सांगितलं, मग पणज्याला मार बसला. तोच तो मार, कागद नेल्याचा. कागद हे निमित्त होतं.

श्यामसुंदरांचं काय? ते संपले नाहीत. १९६८ मध्ये गुलबर्ग्याला त्यांनी भीमसेना काढली. १९७५ ला वारले. मला त्यांचा पॅरिसचा रस्ता चुकीचा वाटतो. त्यांना वाटलं, बलवान हिंदू शेजाऱ्यापासून अस्पृश्याला वाचवायचं तर निजामाच्या शिष्टमंडळात बसून जगाला सांगू. पण दुसऱ्याच्या तक्रारीत आपली तक्रार घुसवली की ती त्याचीच होते. निजामानं २२ तारखेला आपली तक्रार मागं घेतली तेव्हा श्यामसुंदरांना विचारलं नाही. एका तारेत आमचं प्रतिनिधित्व संपलं. बाबासाहेबांना हे आधी दिसलं होतं. त्यांनी आपल्या तक्रारीचा कागद कधी कुणाच्या पाकिटात घातला नाही. स्वतः लिहिला, स्वतःच्या सहीनं.

पण चूक म्हणजे गद्दारी नव्हे. श्यामसुंदर गद्दार, तर ज्यानं तक्रार केली तो निजाम राजप्रमुख कसा? फिर्यादीला पन्नास लाख, आणि फिर्यादीच्या मागं खुर्चीवर बसलेल्याच्या जातीला पंचाहत्तर वर्षांनी टपरीवर टोमणा. हा कुठला न्याय? मोइन नवाज जंगांच्या जातीवरून आज लातुरात कुणी कुणाला अडवत नाही.

आणि मिळालेलं स्वातंत्र्य आमचंही आहे, हे मी सोडणार नाही. निजाम गेला नसता तर मिलिंद कॉलेज १९५० साली औरंगाबादेत ज्या मोकळ्या हवेत उभं राहिलं तसं राहिलं असतं असं मला वाटत नाही. १७ सप्टेंबरचा झेंडा माझाही आहे. फक्त त्या झेंड्याखाली उभं राहून मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. एक, फौजेनं राजा शरण आणला, पाटील शरण आणला नाही. ऑगस्ट १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या निमित्तानं याच नांदेड जिल्ह्यात महारवाडे पेटले, टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं, तेव्हा कुठल्या रझाकाराचा हात नव्हता. ती पोलीस ॲक्शन अजून बाकी होती. दुसरी, देशाची सुरक्षा मोजायची असेल तर हद्दीवरून मोजू नका. वेशीबाहेरच्या शेवटच्या घरापासून मोजा.

शेजारी बलवान असेल तर काय करावं, यावर मोठी माणसं मोठी पुस्तकं लिहितात. मला हैदराबादच्या गोष्टीतून इतकंच कळलं: तक्रार घेऊन जगाकडं जायच्या आधी आपल्या घरातल्या तक्रारी ऐकाव्या लागतात. ज्याच्या मागं त्याची माणसं उभी नाहीत त्याची तार कितीही बरोबर कलमाखाली गेली तरी चार दिवसांत निकालात निघते. आणि बलवान शेजाऱ्यानंही लक्षात ठेवावं, ‘घरचा मामला’ म्हटलं की जबाबदारी संपत नाही, ती तिथून सुरू होते. घर तुझं ना? मग घरातल्या मेलेल्यांची मोजणी पेटीत कशाला?

या वर्षी सतरा सप्टेंबरला मी सुट्टी टाकून कंधारला गेलो. झेंडा झाला, भाषणं झाली. कल्हाळीचं नाव निघालं, बरं वाटलं. मग मन्याडच्या उतारावर जाऊन थोडा वेळ बसलो. पाणी होतं. आज्जा चार वर्षांमागं गेला. त्याच्या बापाला कुठल्या चिठ्ठीपायी मारलं ते विचारायचं राहिलं. त्यालाही बहुतेक माहीत नसेल.

दुसऱ्या दिवशी पाळीवर मुकादमाला म्हटलं, “त्या माणसाचं नाव श्यामसुंदर. आन् जाऊ नका म्हणणाऱ्याचं नाव तुला ठावं हाय. तक्रार करणाऱ्याचं नाव निजाम, त्याला दिल्लीनं राजप्रमुख केलं. आता सांग, कोण कुणाचा भाऊ?” तो काही बोलला नाही. चाळणी सुरू कर म्हणाला. मी केली.

वाचणाऱ्या मित्रा, तुझ्या गावात ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढची जी कुणी म्हातारी माणसं उरली असतील त्यांच्याजवळ या महिन्यात जाऊन बस. पोलीस ॲक्शनच्या साली महारवाड्यात, मांगवाड्यात, मोहल्ल्यात काय झालं ते विचार आणि त्यांच्या बोलीत जसंच्या तसं लिहून काढ. शुद्धलेखनाची फिकीर करू नको. या वेळी कागदात काय आहे ते नेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.